रुग्ण व्हेंटिलेटरवर असताना त्याचे स्वतःचे श्वसनस्नायू किती काम करतात, हे खाटेशेजारी कसे ओळखावे

पुण्यातल्या कोणत्याही आयसीयूबाहेर संध्याकाळी नातेवाइकांना माहिती देण्याची वेळ झाली की एक प्रश्न हमखास येतो: "डॉक्टर, मशीन किती टक्क्यांवर आहे?" आपणही सवयीने "चाळीस टक्के, काल साठ होते" असे सांगतो आणि समोरच्या माणसाला हायसे वाटते. वास्तविक हा आकडा ऑक्सिजनचा असतो. श्वास घेण्याच्या कष्टांपैकी किती यंत्र उचलते आहे आणि किती रुग्णाचे स्नायू, या वाटणीविषयी तो काहीच सांगत नाही. नातेवाइकांना मात्र नेमकी ती वाटणीच जाणून घ्यायची असते, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर पुष्कळदा तिचे उत्तर आपल्याकडेही नसते.

ते उत्तर बहुतेक आधुनिक व्हेंटिलेटरवर कोणतेही जादा उपकरण न लावता पाच मिनिटांत मिळवता येते. हा लेख आयसीयूत काम करणारे रेसिडेंट डॉक्टर, सिस्टर-ब्रदर आणि फिजिओथेरपिस्ट यांच्यासाठी आहे. रुग्णाच्या नातेवाइकांनी तो अवश्य वाचावा, परंतु यात सांगितलेली बटणे प्रशिक्षित व्यक्तीनेच आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या संमतीने दाबायची आहेत.

आधी हिशेब समजून घ्यावा

फुप्फुसात हवा शिरण्यासाठी दाब लागतो. तो दाब श्वासनलिकांचा अडथळा आणि फुप्फुस-छातीचा ताठरपणा या दोन गोष्टींवर खर्च होतो. नळी घातलेल्या रुग्णात हा खर्च दोघे मिळून भागवतात: यंत्र बाहेरून हवा ढकलते आणि श्वासपटल, म्हणजे डायफ्राम, आतून ओढते. ४५० मिलिलिटरचा एक श्वास यंत्राचे १२ आणि स्नायूंचे २ सेंमी पाणी (हे दाबाचे एकक) इतक्या दाबाने तयार होऊ शकतो, तसाच तो यंत्राचे ६ आणि स्नायूंचे ८ मिळूनही होऊ शकतो. पडद्यावर दोन्ही वेळा ४५० हाच आकडा दिसतो. पहिला रुग्ण जवळजवळ झोपलेला असतो, दुसरा कामाला लागलेला असतो.

प्रेशर मोडमध्ये यंत्र दाब कायम राखते, त्यामुळे रुग्णाने जोर लावला की प्रवाह आणि टायडल व्हॉल्यूम (एका श्वासात आत जाणारी हवा) वाढतात. व्हॉल्यूम मोडमध्ये प्रवाह आणि व्हॉल्यूम ठरलेले असल्यामुळे रुग्णाचा जोर दाबाच्या आलेखात खड्डा पाडतो. पूर्वी असा समज होता की रुग्णाने ट्रिगर केले, म्हणजे स्वतःच्या प्रयत्नाने यंत्राकडे श्वास मागितला, आणि यंत्र सुरू झाले की स्नायू लगेच थांबतात. १९८० च्या दशकात मॅरिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजून दाखवले की तसे होत नाही. असिस्ट-कंट्रोलमध्ये, म्हणजे प्रत्येक श्वास यंत्र पूर्ण करून देते त्या मोडमध्येसुद्धा, स्नायू पुढे ओढतच राहतात, आणि प्रवाह अपुरा असेल तर बरेच काम करतात. म्हणून "असिस्ट-कंट्रोलवर आहे, म्हणजे विश्रांती चालू आहे" हे वाक्य तपासल्याशिवाय हँडओव्हरमध्ये लिहू नये.

यंत्राचा आधार वाढवला की स्नायूंचा जोर कमी होत जातो. यातला क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे: आधी प्रत्येक श्वासातला जोर घटतो आणि श्वसनाचा वेग त्यामानाने उशिरा बदलतो. आधार गरजेपेक्षा जास्त झाला की टायडल व्हॉल्यूम वाढतो, कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि मेंदूकडून येणारी श्वसनाची प्रेरणा मंदावते. झोपेत तर कार्बन डायऑक्साइड नेहमीच्या पातळीच्या थोडासाच खाली गेला तरी रुग्ण श्वास घेणे थांबवू शकतो. रात्री तीन वाजता प्रेशर सपोर्टवर (रुग्णाने सुरू केलेल्या श्वासाला यंत्र ठरावीक दाबाचा आधार देते तो मोड) वाजणारा ॲप्नियाचा, म्हणजे श्वास थांबल्याचा, अलार्म अनेकदा यामुळेच वाजतो, आणि त्यावर आधार आणखी वाढवणे हा नेमका उलटा उपाय ठरतो.

दोन्ही टोकांना नुकसान

२००८ मध्ये लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी मेंदूमृत अवयवदात्यांच्या श्वासपटलाचे तुकडे तपासले. या १४ दात्यांचे श्वासपटल १८ ते ६९ तास पूर्णपणे निष्क्रिय होते आणि यंत्र चालू होते. दोन-तीन तासच व्हेंटिलेटरवर असलेल्यांशी तुलना केली असता त्यांच्या स्नायुतंतूंचा छेद निम्म्याहून कमी भरला: मंद तंतू ५७ टक्क्यांनी आणि जलद तंतू ५३ टक्क्यांनी लहान. प्लास्टरमध्ये असलेला पाय बारीक व्हायला आठवडे लागतात. इथे तीन दिवसही लागले नाहीत.

याची दुसरी बाजू २०१५ मध्ये टोरंटोच्या गोलिघर यांच्या गटाने सोनोग्राफीने दाखवली. १०७ रुग्णांपैकी ४४ टक्क्यांचे श्वासपटल पहिल्या आठवड्यात दहा टक्क्यांहून अधिक पातळ झाले, तर १२ टक्क्यांचे जाड झाले. पातळ होणाऱ्यांत रुग्णाचा स्वतःचा जोर कमी आढळला, जाड होणाऱ्यांत तो जास्त होता. हे जाड होणे व्यायामशाळेतल्या दंडासारखे नसते. अतिश्रमाने स्नायूला इजा होऊन सूज आल्याचे ते लक्षण असू शकते. शिवाय जोरकस ओढीमुळे आजारी फुप्फुसावर पडणारा ताण वेगळाच. यंत्राचा दाब मर्यादेत दिसत असला, तरी रुग्णाची स्वतःची ओढ त्यात मिळवली की एकूण ताण मर्यादा ओलांडून गेलेला असू शकतो.

म्हणजे औषधाप्रमाणे याही गोष्टीचा डोस ठरवायचा असतो.

पहिली पायरी: हात पोटावर, नजर घड्याळावर

कोणतेही बटण दाबण्यापूर्वी एक मिनिट रुग्णाकडे पाहावे. एक हात बरगड्यांच्या खालच्या कडेपाशी पोटावर अलगद ठेवावा आणि रुग्णाचे प्रयत्न मोजावेत, यंत्राचे श्वास नव्हेत. मग ती संख्या पडद्यावरच्या संख्येशी ताडून पाहावी.

ही पायरी मी आग्रहाने पहिली ठेवतो, त्याला एक कारण आहे. काही वर्षांपूर्वी जुन्नरकडचे एक निवृत्त शिक्षक, सीओपीडीचे (श्वासनलिका अरुंद होण्याच्या दीर्घ आजाराचे) जुने रुग्ण, आमच्याकडे प्रेशर सपोर्टवर होते; ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. सपोर्ट १८, पीप (श्वास सोडल्यावरही फुप्फुसात राखलेला दाब) ५, टायडल व्हॉल्यूम ६२०, वेग १४. कागदावर सगळे कसे छान. पोटावर हात ठेवून मोजले तर प्रयत्न मिनिटाला २८. प्रत्येक दुसरा प्रयत्न वाया जात होता, कारण मोठा श्वास पूर्ण बाहेर पडण्याआधीच पुढचा प्रयत्न येत होता आणि आत अडकलेल्या हवेचा दाब ओलांडून ट्रिगरपर्यंत तो पोहोचत नव्हता. आम्ही सपोर्ट दोन-दोनने उतरवत १० वर आणला. टायडल व्हॉल्यूम ४३० झाला, वाया जाणारे प्रयत्न थांबले आणि पडद्यावरचा वेग २७ झाला. रुग्णाचा वेग बदललाच नव्हता. यंत्राला तो आता दिसू लागला होता, इतकेच. परंतु हे चार्टवर कोणी लिहिले नाही. रात्रपाळीने १४ चे २७ झालेले पाहिले, रुग्ण थकला असे समजून सपोर्ट पुन्हा १८ केला आणि दोन दिवस वाया गेले. चूक रात्रपाळीची नव्हती, न लिहिणाऱ्यांची होती, आणि त्यांत मीही होतो.

हात पोटावर असतानाच आणखी एक गोष्ट तपासावी. श्वास सोडताना पोट घट्ट होत असेल, तर पोटाचे स्नायू हवा जोराने बाहेर ढकलत आहेत. यंत्र श्वास संपवायला उशीर करत असेल, तर रुग्ण असा प्रतिकार करतो. मानेचे स्नायू प्रत्येक श्वासाला ताठ होत असतील, तर आधार कमी पडत असल्याची शंका घ्यावी.

दुसरी पायरी: आलेख वाचणे

पडद्यावर दाब आणि प्रवाह हे दोन आलेख पुरेसे मोठे करून घ्यावेत. श्वास सोडण्याच्या प्रवाहात मध्येच एक छोटा उंचवटा आला आणि त्याच क्षणी दाब किंचित खाली गेला, पण श्वास सुरू झाला नाही, तर तो वाया गेलेला प्रयत्न. श्वास सोडण्याचा प्रवाह शून्याला टेकण्याआधीच पुढचा श्वास सुरू होत असेल, तर हवा आत अडकते आहे. एकापाठोपाठ दोन श्वास चिकटून आले तर दोन शक्यता असतात. एक म्हणजे रुग्णाची ओढ यंत्राच्या श्वासापेक्षा लांब आहे. दुसरी शक्यता अधिक फसवी आहे: गाढ गुंगीतल्या रुग्णात यंत्राचा श्वासच श्वासपटलाला आकुंचन पावायला लावतो. याला रिव्हर्स ट्रिगरिंग म्हणतात आणि २०१३ मध्ये त्याचे नीट वर्णन झाल्यापासून ते आपल्याला सगळीकडे दिसू लागले आहे. पहिल्या प्रकारात रुग्णाला अधिक हवा हवी असते, तर दुसऱ्या प्रकारात अनेकदा गुंगी कमी करणे हा उपाय असतो. फरक असा ओळखावा: रिव्हर्स ट्रिगरिंगमध्ये आधी यंत्राचा श्वास येतो, त्यामागून ठरावीक अंतराने रुग्णाचा प्रयत्न येतो.

ट्यूबिंगमध्ये साचलेले पाणी हलले तरी यंत्राला ते प्रयत्न वाटतात. पाणी काढून टाकेपर्यंत कोणताही निष्कर्ष काढू नये.

२००६ मध्ये टिल आणि सहकाऱ्यांनी ६२ रुग्णांचे आलेख पाहिले, तेव्हा जवळपास चौथ्या हिश्श्यातील रुग्णांत दहा टक्क्यांहून अधिक श्वास यंत्राशी जुळत नव्हते. "पेशंट फाइट करतोय" असे म्हणून गुंगीचे मिडाझोलाम देण्याआधी हा आकडा आठवावा. बऱ्याचदा जुळवून घ्यायचे असते ते यंत्राने.

तिसरी पायरी: रोखून मोजणे

हा या लेखाचा गाभा आहे, म्हणून इथे घाई करू नये. रुग्ण स्वतः ट्रिगर करत असेल तरच पुढील मोजमापांना अर्थ आहे. सक्शन, कूस बदलणे किंवा फिजिओथेरपी यांनंतर किमान दहा-पंधरा मिनिटे थांबावे.

सर्वांत सोपे मोजमाप पी-०.१ हे आहे. श्वास सुरू होताना वायुमार्ग बंद असेल, तर पहिल्या एक-दशांश सेकंदात दाब किती खाली जातो ते यात मोजतात. इतक्या थोड्या वेळात रुग्णाला अडथळा जाणवून तो प्रतिक्रिया देऊ शकत नाही, त्यामुळे मेंदूकडून येणाऱ्या प्रेरणेचा हा बऱ्यापैकी निर्मळ अंदाज असतो. बहुतेक यंत्रांत तो मेनूमध्ये मिळतो. तीन-चार वेळा मोजून सरासरी घ्यावी, कारण तो श्वासागणिक बदलतो. एकपेक्षा कमी असेल तर प्रेरणा कमी, म्हणजे आधार किंवा गुंगी जास्त असण्याची शक्यता; साडेतीन-चारच्या पुढे असेल तर प्रेरणा जास्त. काही यंत्रे वायुमार्ग बंद न करता फक्त ट्रिगरच्या काळातील दाबावरून हा आकडा अंदाजाने दाखवतात आणि तो कमी येऊ शकतो. आपले यंत्र कोणत्या पद्धतीचे आहे, हे मॅन्युअलमध्ये एकदा पाहून ठेवावे.

दुसरे मोजमाप एक्स्पिरेटरी होल्डचे. श्वास पूर्ण सोडून झाल्यावर होल्ड, म्हणजे वायुमार्ग रोखणारे बटण, दाबावे, रुग्णाला बंद वायुमार्गाविरुद्ध एकच प्रयत्न करू द्यावा आणि बटण सोडावे. धरून ठेवले तर दुसरा-तिसरा प्रयत्न वाढत्या जोराचा येतो. तो मोजायचा नाही आणि रुग्णाला ते असह्यही होते. पीपच्या पातळीपासून दाब जास्तीत जास्त किती खाली गेला, ते टिपावे. २०१९ मध्ये टोरंटोच्या गटाने दिलेल्या पद्धतीनुसार या उतरणीचा पाऊण भाग म्हणजे चालू श्वासात स्नायू निर्माण करत असलेला दाब, आणि तिचाच दोन-तृतीयांश भाग यंत्राच्या पीपवरच्या दाबात मिळवला की फुप्फुसावरचा एकूण ताण मिळतो.

उदाहरण घेऊ. पीप ८, प्रेशर सपोर्ट १२, म्हणजे कमाल दाब २०. होल्डमध्ये दाब ८ वरून उणे ८ पर्यंत गेला, म्हणजे उतरण १६ ची. स्नायूंचा दाब १६ चा पाऊण भाग, १२ सेंमी पाणी. फुप्फुसावरचा ताण यंत्राचे १२ अधिक १६ चे दोन-तृतीयांश, म्हणजे जवळपास २३. स्नायूंसाठी साधारण ५ ते १० हा पट्टा योग्य मानला जातो आणि फुप्फुसावरचा ताण १५ ते २० च्या आत ठेवायचा असतो. या रुग्णात दोन्ही आकडे जास्त आहेत, जरी पडद्यावर कमाल दाब फक्त २० दिसत असला तरी. हेच दुसऱ्या रुग्णात उतरण ३ ची आली, तर स्नायूंचा दाब दोनच्या थोडा वर. तो रुग्ण ट्रिगर दाबण्यापुरता जागा आहे आणि बाकी सगळे यंत्र करते आहे.

तिसरे मोजमाप प्रेशर सपोर्टवर असताना इन्स्पिरेटरी होल्डचे. श्वासाच्या शेवटी हवा रोखली की स्नायू सैल पडतात. ते ओढत असतील, तर सैल पडल्यावर दाब पीप आणि सपोर्टच्या बेरजेच्या वर चढतो. जितका जास्त चढतो तितके त्यांचे काम जास्त. दाब वर चढलाच नाही, तर रुग्णाचा वाटा नगण्य आहे. सपाट रेषा मिळाली तरच हे वाचन धरावे. पोट घट्ट करून रुग्ण ढकलत असेल तर ते टाकून द्यावे.

चौथी पायरी: सोनोग्राफी, जमल्यास

उजव्या बाजूला, काखेच्या मधल्या आणि पुढच्या रेषेदरम्यान, आठव्या ते दहाव्या बरगड्यांमधल्या फटीत वरवरचे पाहणारा लिनिअर प्रोब उभा धरावा. दोन चकाकत्या रेषांमधला करडा पट्टा म्हणजे श्वासपटल. जाडी दीड-दोन मिलिमीटरच असते, त्यामुळे अर्ध्या मिलिमीटरची चूकही मोठी ठरते. प्रोबची जागा त्वचेवर मार्करने खूण करून ठेवावी. श्वास घेताना जाडी किती टक्के वाढते ते काढावे. २०१८ च्या टोरंटोच्याच अभ्यासात पहिल्या तीन दिवसांत ही वाढ १५ ते ३० टक्के असलेल्या रुग्णांचे व्हेंटिलेटरवरचे दिवस सर्वांत कमी होते.

पाचवी पायरी: आकडा असा का आला?

जोर कमी आढळला की "आधार जास्त झाला" असे लगेच म्हणण्याचा मोह होतो. पुण्यात तरी तो आवरावा. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागात गुलियन-बारेचा (नसांच्या आजाराचा) उद्रेक झाला, तेव्हा शहरातल्या आयसीयूंत एकाच वेळी असे अनेक रुग्ण होते ज्यांचा मेंदू श्वासासाठी आटापिटा करत होता आणि स्नायूंपर्यंत निरोपच पोहोचत नव्हता. ग्रामीण भागातून येणारे कीटकनाशकाच्या विषबाधेचे काही रुग्णही एक ते चार दिवसांनी, सुरुवातीची लक्षणे ओसरल्यावर, अचानक मान उचलू न शकण्याच्या आणि श्वसनस्नायू ढिले पडण्याच्या अवस्थेत जातात. मण्यार चावलेल्या रुग्णाचे तेच. या सर्वांत होल्डमधली उतरण कमी येते, पण तिचा अर्थ वेगळा असतो.

फरक ओळखण्यासाठी सपोर्ट तात्पुरता ३-४ ने कमी करून दोन मिनिटे शेजारी उभे राहावे. उतरण वाढली आणि टायडल व्हॉल्यूम फारसा घटला नाही, तर आधारच जास्त होता. वेग झपाट्याने वाढला, श्वास उथळ झाले आणि उतरण होती तेवढीच राहिली, तर स्नायू अशक्त आहेत. सपोर्ट तत्काळ पूर्ववत करावा. मान उचलता येते का, तेही पाहावे. पोटॅशियम, फॉस्फरस, मॅग्नेशियम तपासून घ्यावेत.

गुंगीच्या औषधांचा परिणाम एकसारखा नसतो. फेंटानिलसारखी अफूवर्गीय औषधे मुख्यतः वेग कमी करतात. प्रोपोफॉल प्रत्येक श्वासातला जोर कमी करते. त्यामुळे प्रोपोफॉलवरच्या रुग्णाचा वेग २२ दिसत असूनही स्नायू जवळजवळ बंद असू शकतात. डेक्समेडिटोमिडीनचा परिणाम मानाने सौम्य. सीओपीडीच्या रुग्णात गॅस रिपोर्टही फसवतो: ज्याचा कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे ५५-६० असतो, त्याचा ४० करून ठेवला तर तो "नॉर्मल" दिसतो, पण पीएच ७.५ च्या वर जातो आणि रुग्णाला श्वास घेण्याचे कारणच उरत नाही. पीएच पाहावा.

जोर जास्त असेल तर यादी सर्वांना ठाऊक असते आणि तरीही राऊंडमध्ये विसरली जाते: ताप, वेदना, भरलेले मूत्राशय, नळीत वाळलेला कफ, दबलेली नळी, ओला झालेला फिल्टर, रक्तातील आम्ल. मूत्रपिंड निकामी झालेल्या किंवा मधुमेहाच्या आम्लतेतल्या रुग्णाची ओढ ही शरीराने केलेली भरपाई असते. ती औषधाने दाबली तर पीएच कोसळतो.

सहावी पायरी: बदल करणे

एका वेळी एकच गोष्ट बदलावी. सपोर्ट दोन सेंमी पाण्याने वर किंवा खाली करावा. स्नायूंचा प्रतिसाद काही श्वासांत दिसतो, पण कार्बन डायऑक्साइड स्थिरावायला पंधरा-वीस मिनिटे लागतात. तेव्हा पुन्हा होल्ड घेऊन मगच पुढची पायरी घ्यावी. वरच्या उदाहरणातल्या रुग्णात प्रथम कारणे दूर करावीत, मग सपोर्ट वाढवून पाहावा. सपोर्ट वाढवूनही ओढ उतरत नसेल आणि फुप्फुसावरचा ताण वाढतच असेल, तेव्हाच गुंगीकडे वळावे.

श्वास कधी संपवायचा, हेही ठरवावे. बहुतेक यंत्रे प्रवाह कमाल पातळीच्या २५ टक्क्यांवर आला की श्वास संपवतात. सीओपीडीत हा आकडा ४०-५० टक्के करावा, म्हणजे पोटाने ढकलणे थांबते. ताठर फुप्फुसात तो १० च्या आसपास आणावा, म्हणजे श्वास अर्धवट तुटत नाही. आत हवा अडकणाऱ्या सीओपीडीच्या रुग्णात पीप थोडा वाढवल्यावर वाया जाणारे प्रयत्न कमी होतात, कारण ट्रिगरपर्यंतचे अंतर घटते.

सातवी पायरी: नळी काढण्याआधी

रुग्ण नळी काढण्याजोगा झाला आहे का, हे कमी आधारावर पाहणाऱ्या चाचणीच्या अर्ध्या तासात स्नायूंवर किती भार टाकतो आहोत, याचे भान ठेवावे. नळीच्या अडथळ्याची भरपाई म्हणून आपण सपोर्ट ७ ठेवतो, परंतु नळी काढल्यावर सुजलेला घसाही तितकाच अडथळा करतो. एकत्रित विश्लेषणात टी-पीसच्या (यंत्राचा आधार काढून नळीला फक्त ऑक्सिजन जोडण्याच्या) तुलनेत सपोर्टवर श्वासाचे काम सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळले. बहुतेक रुग्णांना सपोर्टची चाचणी पुरेशी असते. स्नायू अशक्त असल्याची शंका असेल किंवा हृदय कमजोर असेल, तेव्हा मी टी-पीस किंवा शून्य सपोर्ट-शून्य पीप लावून पाहतो. १९९१ मध्ये यांग आणि टोबिन यांनी दिलेला १०५ चा आकडा, म्हणजे वेग भागिले लिटरमधील टायडल व्हॉल्यूम, आधाराविना मोजलेला होता; सपोर्टवर मोजून तो ६० आला म्हणून खूश होऊ नये.

आमच्या चार्टमध्ये आता ऑक्सिजनच्या रकान्याशेजारी आणखी तीन रकाने आहेत: हाताने मोजलेले प्रयत्न, पी-०.१ आणि होल्डमधली उतरण. दर पाळीला एकदा भरायचे. नोंद अशी असते: "सकाळी ९, सपोर्ट १०, पडदा २७, हाताने २७, पी-०.१ दोन, उतरण ९. सपोर्ट १८ वरून मुद्दाम उतरवला आहे; वेग २७ हा जुनाच आहे, पाहून वाढवू नये."